नूरचे दोन शेवट

४ नोव्हेंबर, आर्णी

फाइल पुन्हा परत आली. 'कडी आतून होती' हे माझं पुस्तक ऑनलाइन दुकानात चढवायचं, एवढंच काम. पण जोडाक्षरं फुटतात. 'रस्ता'चा 'रस् ता' होतो, 'प्रश्न' तर ओळखूही येत नाही. शाळेत शिकवत असताना मुलांच्या वहीत असं दिसलं तर लाल गोल करायची. इथे कुणाला करू.

रफीक गॅरेजमधून जेवायला आले, स्क्रीनकडे पाहिलं. "छपा हुआ तो है न घर में. फिर ये कायकू?"

छापील प्रती अमरावतीच्या प्रेसमधून मीच छापून घेतल्या. प्रकाशकांकडे पाठवून वाट पाहिली, होकार नाही, नकारही नाही. आता गठ्ठे दिवाणाखाली. दिवाणाखालून कोणी पुस्तक विकत घेत नाही, हे नवऱ्याला समजावून सांगितलं. पटल्यासारखी मान हलवली आणि वरण मागितलं.

७ नोव्हें.

चढलं एकदाचं. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलायचा असतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. व्हिडिओ पाहून शिकले. सगळे अनुस्वार परत हातानं तपासले.

नाव टाकून शोधलं तर आधी कढीच्या पाककृती येतात. मशीनला कडी आणि कढी एकच. ताकाची, गोळ्यांची, पकोड्यांची. खाली, बरंच खाली, माझी नायिका नूर दाराशी उभी. मुखपृष्ठ एवढंसं दिसतं की दार आहे की फ्रीज, कळत नाही.

तरी दिवसभर उघडून पाहत होते. आपलं नाव असं परक्या ठिकाणी दिसलं म्हणजे…

११ नोव्हें.

वंदनाताई आल्या. शाळेत आमचे वर्ग शेजारी, त्या इतिहास, मी मराठी. आता दोघी घरी. त्या गावातल्या प्रत्येक ग्रुपवर आहेत. म्हणाल्या, "शमीम, लिहिलं की काम संपत नाही. आता तोंड दाखवावं लागते."

पेज काढलं. मग रील. पडदा लावून, ओढणी सारखी करून पहिला परिच्छेद वाचायचा. दर वेळी मागे गॅरेजात कुणी तरी गाडी रेस करे. शेवटी आवाजासकटच टाकलं, कारण त्यात चेहरा बरा होता.

संध्याकाळी पाहिलं. चार जणांनी विचारलं, गाडी कोणती. पुस्तक कोणतं, हे कुणीच नाही.

१८ नोव्हें.

अभिप्राय आले. पहिला वंदनाताईंचा. दुसरा त्यांच्या जावयाचा, 'अप्रतिम' एवढाच शब्द, म्हणजे वाचलेलं नाही. तिसरा छापील प्रत मागवलेल्या अनोळखी माणसाचा, एक तारा: 'पार्सलचा कोपरा दुमडलेला.' तोच जास्त आवडला. कुठल्याशा घरी एक अनोळखी माणूस माझं पुस्तक हातात घेऊन कोपरा पाहतो आहे. पुढे उघडलं असेल का त्यानं?

दारव्ह्याच्या स्टेशनरीच्या दुकानात प्रती ठेवल्या होत्या. त्यातली एक गेली म्हणे. कुणी नेली? "एक बाई होत्या." कशा होत्या? "बाईच होत्या मॅडम."

२३ नोव्हें.

नेरहून जरीनाआपाचा फोन. थोरली बहीण. तिच्याशी बोलणं हिंदीतच, इथे लिहिताना मराठी होऊन जातं.

पुस्तक तिचंच आहे, हे फक्त आम्हा दोघींना माहीत. दुल्हेभाई, म्हणजे तिचा नवरा, सुरतेला कामाला गेले आणि तिकडचेच झाले. ना पैसा, ना निरोप. आपानं डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावोगावचे बाजार केले, दोन मुली वाढवल्या. आणि एके दिवशी दुल्हेभाई दारात. आपानं दार उघडलं. अजून तिथेच आहेत. सगळं नेर बोललं, आपा बोलली नाही.

लिहू का, असं विचारलं तेव्हा म्हणाली होती, "लिही. नाव बदल." जरीनाची नूर केली. आपाला मराठी नीट वाचता येत नाही, उर्दू शाळा. वाचून दाखवते म्हटलं की म्हणते, "मला माहीत आहे ना काय झालं ते. मी कशाला ऐकू."

आज विचारलं, "बिकी क्या?" म्हटलं, दारव्ह्यात एक गेली. बराच वेळ हसली.

३० नोव्हें.

पेजवर एका बाईची कमेंट. जशीच्या तशी उतरवते:

'बोरीवाल्या ताई सांगून राह्यल्या थे नूरचं पुस्तक हेच काय? शेवट लय आवडला. नूरनं त्याले चहा पाजला अन् वाटे लावलं.'

माझ्या नूरनं चहा पाजला नाही. वाटेही लावलं नाही. माझ्या पुस्तकातलं शेवटचं वाक्य आहे, 'नूरनं कडी काढली.'

कोण बोरीवाल्या ताई? तिला लिहिलं, कुठे ऐकलंत, मला पाठवाल का.

२ डिसेंबर

त्या बाईनं व्हॉइस नोटा पाठवल्या. ढीगभर. प्रत्येकीवर खूण की ही पुष्कळदा पुढे गेली आहे. म्हणजे कुठून कुठून फिरून माझ्याकडे आली.

एक बाईचा आवाज. वाक्यं माझीच, पण तिच्या तोंडात गेली की वऱ्हाडी होतात. मी लिहिलं 'ती म्हणाली', ती वाचते 'थे म्हने'. मधेच वाचणं थांबवून, "आता पाहा बाया हो, नूरच्या जागी मी असती तं…" आणि मग स्वतःचंच काहीबाही सांगत बसते, आणि परत माझ्या वाक्यावर येते, अगदी सोडलं होतं त्याच जागी. मागे सारखी घरघर.

रफीकना ऐकवलं. म्हणाले जनरेटर आहे. जनरेटर लावून कोण पुस्तक वाचेल?

आपलं पोर दुसऱ्याच्या घरी पोटभर जेवताना पाहावं तसं वाटलं. बरंही वाटतं आणि…

३ डिसें.

शेवटची नोट ऐकली. 'दारावर थाप पडली' इथपर्यंत माझं. त्यापुढे एक अक्षर माझं नाही, आणि ती कुठे अडखळतही नाही.

"नूरनं खिडकीतून पाह्यलं. थोच होता. नूर म्हने, बसा ओट्यावर. चहा केला. कपाले दांडी नोती, थोच कप देला. थो पेला. नूर म्हने, झाला चहा? बस येईनच आता, जा. अन् आत गेली. कडी लावली. आतून."

परत परत ऐकली. राग आला. पण कपाला दांडी नव्हती हे मला सुचलं नव्हतं, ते जास्त लागलं. आणि पुस्तकाचं नाव माझ्यापेक्षा तिच्याच शेवटाला शोभतं, हेही.

वंदनाताई म्हणाल्या, "ही सरळ चोरी झाली. पेजवर लिही, तक्रार कर." म्हटलं, आधी पाहून येते. "काय पाहणार?" ते सांगता आलं नाही. चेहरा, बहुतेक.

७ डिसें.

बोरी अरबला जाऊन आले. दारव्ह्याला गाडी बदलली. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस लागलेला. स्टँडवर विचारलं, पुस्तक वाचणाऱ्या ताई कुठे राहतात. पानठेल्यावरच्या माणसानं कोण, कशाला हे न विचारताच हात केला, "गिरणीत जा न."

घरघर म्हणजे पिठाची गिरणी.

शोभाताई. माझ्यापेक्षा लहान, चाळिशीच्या आतबाहेर, भुवयांवर पीठ. नवऱ्याची गिरणी, नवरा शेतात, ही गिरणीत. भोवती डबे घेऊन बाया. मी नाव सांगितलं तर तिनं बटण बंद केलं. गिरणी थांबायला वेळ घेते, तोवर ती माझ्याकडे पाहतच होती.

"पुस्तकाच्या मागच्या फोटोतल्या? थ्यात गोऱ्या दिसता तुमी."

सगळ्या हसल्या. मीही. राग घेऊन गेले होते तो कुठे ठेवावा, कळेना.

विचारलं, शेवट का बदलला?

"मी कायले बदलू? मले शेवट भेटलाच नाई."

आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली प्रत आणली. दारव्ह्याच्या दुकानातली ती 'बाई' हीच. 'दारावर थाप पडली', पान संपलं, आणि पुढे एकदम मागचा पुठ्ठा. शेवटची पानं बांधलेलीच नाहीत. माझ्या पुस्तकात. मी छापून घेतलेल्या.

"दुकानात विचाराले गेलती. थो म्हने पुस्तकं अशेच येतात. अन् इकडं ह्या बाया, मंग काय झालं, मंग काय झालं. आधी म्या लाइन गेली, गिरणी बंद म्हून टाळलं. मंग सांगून देलं."

"पण असाच का?"

"दुसरा कसा असन?"

नोटा कशा सुरू झाल्या तेही कळलं. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना दळण टाकून थांबायला वेळ नसतो. त्यांच्यासाठी ही गिरणी चालवता चालवता मोबाइलमध्ये बोलून ठेवायची. त्या वावरात ऐकत. त्यांनी बहिणींना पाठवलं, बहिणींनी आणखी कुणाला.

माझ्या पिशवीत एक प्रत होती, शेवटची पानं तपासून ती दिली. तोंडानं माझा शेवट सांगितला नाही. तिनं हात पुसून घेतली, पण सगळ्यांसमोर उघडली नाही. एक म्हातारी डब्यावर बसली होती. मला म्हणाली, "तुमी लिवलं न? मंग खरं काय झालं थ्या बाईचं?"

मी म्हटलं, "खरं म्हणजे?"

शोभाताईनं माझ्याकडे पाहिलं आणि गिरणी सुरू केली. त्या आवाजात कुणाला उत्तर ऐकू आलं नसतं. माझ्यावर उपकारच झाले.

निघताना ज्वारीचं पीठ बांधून दिलं. अजून कोमट होतं.

८ डिसें.

दिवाणाखालचे गठ्ठे सोडून तपासले. कितीतरी प्रतींत शेवट नाही. प्रेसवाल्यांना फोन केला. "बाइंडिंगला नवीन माणूस होता मॅडम. बदलून देऊ."

मग ज्यांनी ज्यांनी नेल्या त्यांना फोन. वंदनाताईंच्या प्रतीत पानं आहेत. मुख्याध्यापक सरांच्या प्रतीत नाहीत. त्यांनी तर मला फोन करून शेवटाची तारीफ केली होती. आज म्हणाले, "मला वाटलं, हल्ली असंच संपवतात."

किती घरांत नूर अजून दाराच्या आत उभी असेल, आणि तो बाहेर.

११ डिसें.

शोभाताईचा फोन.

"वाचला बाई तुमचा शेवट."

"मग?"

"रडू आलं. पन बायाइले नाई सांगतला."

"काहून?" माझ्याही तोंडी वऱ्हाडीच आलं.

"थे दार काहून उघडते, हे तुमी लिवलंच नाई न. त्याइनं विचारलं तं मी काय सांगू?"

फोन ठेवून पान काढलं. थाप पडते. मग लिंबाच्या झाडाचा एक परिच्छेद, पानं गळतात, सावली सरकते. मग 'नूरनं कडी काढली.' शाळेत असते तर या परिच्छेदाला सुंदर म्हटलं असतं, फळ्यावर लिहिला असता. काहून उघडते ते खरंच कुठे नाही.

मला तरी माहीत आहे का?

२० डिसें.

काय चाललं आहे, पाहून गंमत वाटते. मोबाइलवर घेऊन वाचणारे अचानक वाढले. नवे अभिप्राय:

'शेवट चुकीचा छापला आहे.'

'आम्ही ऐकलेली गोष्ट वेगळी होती. लेखिकेने बदलली.'

'बोरीचा शेवट खरा. हा पाणी घातलेला.'

आणि एक, पुसदच्या माणसाचा: 'दार उघडलं तेच बरोबर. माणूस चुकतो.' त्याखाली पांढरकवड्याची एक बाई: 'माणूसच काहून चुकते हो नेहमी?' त्याखाली दोघांचं जुंपलेलं. मी भाजी चिरायची सोडून वाचत बसले.

वंदनाताई खूश. "वाद झाला म्हणजे पुस्तक चाललं." त्यांच्या सांगण्यावरून पेजवर मतदान लावलं, नूरनं दार उघडावं की उघडू नये. बटण दाबा आणि सांगा. लोक दाबताहेत. दर थोड्या वेळानं उघडून पाहते. 'उघडू नये' पुढे आहे.

२७ डिसें.

आपाचा फोन. शेजारणीनं तिला सगळ्या नोटा ऐकवल्या. शेवटासकट.

"तू लिखी ये?"

नाही म्हटलं. बोरीची सगळी हकीकत सांगितली.

मग म्हणाली, "मतलब, ऐसा भी हो सकता था."

विचारल्यासारखं नाही. सांगितल्यासारखंही नाही.

मग म्हणाली, लोक मोबाइलवर वोट देताहेत असं शेजारीण सांगत होती. खरं आहे का? माझ्या दरवाजावर?

मतदान काढून टाकलं. वंदनाताईंना आवडलं नाही, एवढे लोक येत होते म्हणे. त्यांना नूर कोण आहे ते माहीत नाही. सांगितलं नाही, सांगणारही नाही.

४ जानेवारी

आपा आली. बोलावलं नव्हतं. पिशवी ठेवली, रफीकची, मुलाबाळांची विचारपूस केली, आणि तुरीच्या शेंगा सोलायला बसली. पुस्तकाचं काही नाही. दुपारी रफीक गॅरेजला गेल्यावर म्हणाली, "तुझा शेवट वाचून दाखव."

आजवर माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं तिनं. वाचला, हिंदीत सांगत सांगत. माझाच आवाज मला चोरट्यासारखा वाटायला लागला.

"झाड कुठून आलं? आपल्या दारात झाड नव्हतं."

म्हटलं, असंच, लिहिताना आलं.

"यात वाटतं, मी लगेच उघडलं."

"नाही उघडलं?"

"उघडलं. संध्याकाळी."

पुढचं ती शेंगांकडे पाहत बोलली. मुली शिवणाच्या क्लासला गेलेल्या. थाप पडली, तिनं फटीतून पाहिलं, आणि दाराला पाठ लावून खाली बसली. ते बाहेर. तेही दाराला टेकून बसले असावेत, कारण फळी तिकडून दाबलेली लागत होती. सगळी दुपार तशी गेली. मधे फक्त ती फळी.

"काही बोलणं झालं?"

"ते बोलले. मी ऐकलं."

"काय बोलले?"

आपानं सोललेले दाणे ताटात सारखे केले. "वो उनका है. उनसे पूछ."

एवढं पुस्तक लिहिलं. ती दुपार त्यात नाही. मला माहीतच नव्हती, आणि मी विचारलंही कधी नाही. दार उघडलं एवढं कळलं, तेच पुरे वाटलं.

११ जाने.

आपाला बोरीला जायचं होतं. काय काम म्हटलं तर, "बाई पाहू दे ती."

शोभाताईला एवढंच सांगितलं, ही माझी बहीण. तिनं पोत्यावरची जागा झटकून दिली. बाया होत्याच. एकीनं आपाला विचारलं, "तुमाले कोनता शेवट आवडला हो?"

आपा इतकी वर्षं या भागातले बाजार करत फिरलेली. तिची वऱ्हाडी माझ्यापेक्षा चांगली. म्हणाली, "दोनी बी अर्धेच हायेत."

"मंग पुरा सांगा तुमी."

"मले कुठं पुरा मालूम हाये."

शोभाताई दळत होती, पण पाहत होती आपाकडेच. आपा एका पोरीच्या हाताकडे पाहून म्हणाली, या बांगड्या तुले घट्ट हायेत, कुनं भरल्या? मग सगळ्यांनी हात पुढे केले आणि शेवट बाजूला राहिला.

परतताना बसमध्ये म्हणाली, "तिची नूर मी नाही. पण मला आवडली ती. भांडायला बरी आहे." मग दारव्ह्यापर्यंत डोळे मिटून बसली. झोपली नव्हती.

२० जाने.

प्रेसवाले विचारताहेत. बदलून द्यायच्या प्रती आणि नवी छपाई एकदमच काढतो, दुरुस्ती असेल तर आत्ताच फाइल पाठवा.

वंदनाताई: दोन्ही शेवट छाप. वर मोठ्या अक्षरात, 'दोन शेवटांचं पुस्तक'. याचं रील काय होईल सांग.

कल्पना वाईट नाही. शोभाताईला फोन केला. तुमचा शेवट तुमच्या नावानं छापू का, असं विचारलं.

"नाव टाकसान तं मी नाई कायले म्हनू? पन खरं सांगू का बाई. मले आता माह्या शेवट नाई पाह्यजे. थ्या ताईचा पाह्यजे."

"कोणत्या ताईचा?"

"बांगड्यावाल्या."

मी काही सांगितलं नव्हतं तिला; पण पुस्तकातली नूरही बांगड्याच विकते. मी गप्प राहिले तर म्हणाली, "मी कोनाले नाई बोलत."

तिचं म्हणणं खरं आहे हे मी माझ्या गप्प राहण्यातूनच सांगून टाकलं.

३ फेब्रुवारी

नेरला गेले. कारण ठरवून गेले नाही.

दुल्हेभाई ओसरीत बांगड्या डझन-डझन मोजून दोऱ्यात ओवत होते. आता हेच काम करतात, आपा विकते, ते बांधून देतात. परत आल्यापासून मी त्यांना सलाम करते, तब्येत विचारते, आत जाते. एवढंच. आज आपा असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजला आत गेली आणि मी ओसरीतच बसले.

त्यांनीच सुरुवात केली. "मैंने सुना. दोनों."

बोरीचा शेवट शेजारच्या मोबाइलवरून. माझा आपानं सांगितला, आर्णीहून आल्यावर. आपानं स्वतः त्यांना सांगितला. हे मला नवीन.

"वो बोरी वाली बाई का सही है. मेरे साथ वैसाच होना था."

मी बांगड्यांच्या रंगाबद्दल काही तरी म्हटलं. त्यांनी ते ऐकलं नाही.

"पर एक बात बोलूं? दोनों में मैं कुछ बोलताच नहीं."

जागेवरच आठवून पाहिलं. खरं आहे. माझ्या पुस्तकात ते दारातली सावली आहेत. शोभाताईकडे चहा पितात. एवढी भांडणं झाली, एवढ्या लोकांनी बटणं दाबली, आणि त्या माणसाला कुणी एक वाक्य दिलं नाही. मी नाही, तिनं नाही, पुसदच्या माणसानंही नाही, जो त्यांच्या बाजूनं भांडत होता.

विचारलं, "त्या दुपारी काय बोलला होतात तुम्ही?"

दोरा दातानं तोडला. "जरीना की इजाजत है क्या, पूछो."

आपा बाहेर आली. तिला विचारलं. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लिखने के लिए पूछ रही, या सुनने के लिए?"

बसला उशीर होतो म्हणून निघाले. बसला वेळ होता.

१० फेब्रु.

प्रेसवाल्यांचा परत निरोप. कळवलं, थांबा. "कितीक दिवस मॅडम?" मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का.

पेज गार पडलं आहे. वंदनाताई म्हणतात, काही तरी टाक, लोक विसरतात. विसरू देत थोडं. शोभाताईनं बायांसाठी पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं आहे. म्हणाली, सावकाश वाचतो, घाई नाई.

दुपारी आपाचा फोन. "जुम्मे को आ. वही आणू नकोस. मोबाइल पर्समध्ये ठेव."

म्हटलं, आपा, मी अजून उत्तर दिलं नाही तुझ्या प्रश्नाचं.

"मालूम है. ते म्हणतात, तरी सांगू. पण मी तिथेच बसणार. त्यांनी काही चुकीचं सांगितलं तर मी उठून जाईन, मग तूही ऊठ."

हो म्हटलं. ऐकून आल्यावर पुस्तकात एक ओळही बदलणार नाही, असंही होईल. किंवा सगळंच… आताच काय सांगावं.

रफीक म्हणाले, गाडीवर सोडून देतो नेरला. नको म्हटलं, बसनं जाते. रस्ताभर ठरवायचं आहे, दुल्हेभाई बोलत असताना मी दोघांतल्या कुणाकडे पाहू.